रिकामी भिंत, अडनिडी भिंत: आधी ती किती लांबून दिसते ते बघा

घरातली भिंत रिकामी दिसायला लागली की आपण मोबाईलवर फोटो बघत बसतो, त्यातलं काहीतरी आवडतं, ते ऑनलाईन मागवतो, आणि घरी लावून बघितल्यावर कळतं की फोटोतली भिंत चांगली बारा फूट रुंद होती आणि समोर मोकळा हॉल होता, आपली भिंत मात्र साडेतीन फुटांची आहे, मधे इलेक्ट्रिकचा डीबी बॉक्स (मेन स्विचची पेटी) आहे आणि बाजूला कॉलम पुढे आलाय. पुण्यामुंबईच्या फ्लॅटमधे सरळ, मोकळी, अखंड भिंत मिळणं तसंही कठीणच, त्यामुळे आपल्याकडच्या भिंती जशा आहेत तशा धरूनच हे सगळं लिहितोय.

वस्तू निवडायच्या आधी भिंत किती लांबून आणि कुठून दिसते ते बघा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. पॅसेज साधारण तीन-साडेतीन फूट रुंद असतो, म्हणजे तुम्ही भिंतीपासून दीड-दोन फुटांवरून चालत जाता, तिथे चार फुटांचं मोठं चित्र लावलं तर ते कधीच एका नजरेत मावत नाही. अशा भिंतीवर बारीक काम हवं, जवळ जाऊन बघता येईल असं, जुने फोटो, नकाशा, वारली चित्र. मेन डोअर उघडल्यावर समोर दिसणारी भिंत याच्या उलट, ती बारा-पंधरा फुटांवरून दिसते, तिथे छोट्या छोट्या फ्रेम्स लावल्या तर लांबून नुसते ठिपके दिसतात, तिथे एकच मोठी गोष्ट लावा. सोफ्यामागची भिंत सोफ्यावर बसलेल्याला दिसतच नाही, ती समोरच्या खुर्चीतल्या माणसासाठी असते, म्हणून ठरवायचं ते त्या खुर्चीत बसून.

तर पहिलं काम म्हणजे कागद पेन्सिल घ्या, भिंतीची लांबी-उंची मोजा, स्विचबोर्ड, एसीचा पॉइंट, दाराची चौकट, कॉलम सगळं कागदावर काढा, आणि ती भिंत जास्तीत जास्त कुठून बघितली जाते तिथपासूनचं अंतर लिहा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी लाईट लावल्यावर एकदा बघा. खिडकीच्या बाजूची भिंत असेल तर उजेड तिरपा पडतो आणि पुट्टीतला प्रत्येक खड्डा, प्रत्येक लाट उठून दिसते, अशा भिंतीला नुसता गडद रंग मारून सोडली तर ती आणखी वाईट दिसते.

भिंत ठणठणीत आहे का?

हे टाळून पुढे जाऊ नका, खासकरून कोकणात, मुंबईत, गोव्यात, जिथे चार महिने पाऊस भिंतीला झोडपतो. बाहेरच्या बाजूची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत या दोन आधी तपासायच्या. हात फिरवा, पावडर हाताला लागते का, पोपडे सुटलेत का, पांढरा क्षार फुटलाय का ते बघा. शंका असेल तर साधारण फूटभर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. काढल्यावर प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या बाजूला दिसलं तर तो हवेतला दमटपणा आहे.

भिंतीतूनच ओल येत असेल तर वॉलपेपर, लाकडी पॅनल, कापड यातलं काहीही लावून ती झाकू नका. झाकलेल्या ओलीला मागे बुरशी धरते आणि वास यायला लागेपर्यंत कळत नाही. आधी बाहेरून चीर बुजवणं, बाथरूमच्या टाईल्सचे सांधे भरणं, जे काही कारण असेल ते बघा, मग भिंत पूर्ण सुकू द्या, मग सजावट. पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या आधी हे काम काढलं तर भिंत सुकायला वेळ मिळतो.

भोक पाडण्याआधी

टकटक करून बघा. नवीन टॉवर्समधे मायवान पद्धतीच्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात, त्यात खिळा वाकतो पण आत जात नाही, त्याला हॅमर ड्रिलच लागतो. जुन्या बिल्डिंगमधे विटेवर प्लास्टर असतं, ते सगळ्यात सोपं. हल्ली हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती पुष्कळ आहेत, त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू धरायला भोकात घालतात ती नळी) काही दिवसांनी सैल पडते, तिथे लांब नायलॉनचा अँकर घ्या, हार्डवेअरच्या दुकानात ब्लॉकच्या भिंतीसाठी म्हणून मागितलं की मिळतो. आणि पोकळ आवाज आला तर जिप्सम बोर्डचं पार्टिशन आहे, त्याला मागे उघडणारा बटरफ्लाय अँकर लागतो, नाहीतर फ्रेम बोर्डाचा तुकडा घेऊनच खाली येते.

स्विचबोर्डच्या बरोबर वर, खाली आणि सरळ बाजूला भोक पाडू नका, वायरचे पाईप भिंतीतून त्याच सरळ रेषेत गेलेले असतात. गीझर आणि बेसिनच्या पाठची भिंत असेल तर तिथे पाण्याचे पाईप असतात, तीही टाळा.

साध्या फ्रेमसाठी ६ एमएमचा बिट, ६ एमएमची गिट्टी आणि दीड इंची स्क्रू पुरतो. बिटवर दीड इंचावर टेप गुंडाळा म्हणजे किती खोल गेलं ते कळतं. भोकाच्या खाली कागदाचा घडी घातलेला खिसा मास्किंग टेपने चिकटवा, धूळ त्यात पडते, सोफा झाकायची गरज पडत नाही. गिट्टी हातोडीने हलक्या हाताने आत घालायची, भिंतीच्या बाहेर राहिली तर फ्रेम नीट टेकत नाही.

पॅसेज: इथे वारली काढा

यावर जरा सविस्तर लिहितो कारण पॅसेजच्या भिंतीला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. लांबट भिंत, जवळून बघायची, आणि जाता येता प्रत्येक वेळी नवीन काहीतरी दिसावं, वारली चित्रात हे तिन्ही बसतं, कारण त्यात एक मधोमध मुख्य चित्र नसतंच, सगळ्या भिंतीभर आयुष्य चाललेलं असतं, कुणी लावणी करतंय, कुणी ताडावर चढतंय, कोंबडी पळतेय.

थोडं माहीत करून घ्या आणि मग काढा. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड हा वारल्यांचा भाग, आताचा पालघर जिल्हा. कुडाच्या भिंतीवर शेण-माती आणि गेरूचा हात द्यायचा आणि तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या ब्रशने काढायचं. लग्नात सवाशिणी चौक काढतात आणि त्यात पालघट देवी असते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला लग्नाच्या विधीबाहेर काढून रोजचं जगणं, गोष्टी, निसर्ग असं सगळं तिच्यात आणलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. म्हणून माझी एक विनंती आहे, पालघटचा चौक पॅसेजमधे सजावट म्हणून काढू नका, तो लग्नाचा विधी आहे. शेती, तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) आणि त्याचा नाच, मासेमारी, झाडं, बाजार असे भरपूर विषय आहेत. आणि बजेट असेल तर सरळ त्या भागातल्या कलाकाराकडून कापडावरचं चित्र घ्या किंवा त्यांना घरी बोलवून भिंत काढून घ्या, त्यांच्या हाताची रेष आपल्याला येत नाही हे मान्य करायला हवं.

स्वतः काढणार असाल तर असं करा. चार फूट रुंद आणि आठ फूट उंच भिंत म्हणजे ३२ चौरस फूट, त्याला गेरूच्या शेडचा इमल्शन एक लिटर पुरून उरतो. आधी जुन्या रंगावर १८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, खड्डे असतील तिथे लांबी (पुट्टी) भरा, सुकल्यावर परत पेपर मारा, ओल्या फडक्याने धूळ पुसा, लांबी भरलेल्या जागी प्रायमर लावा. कडांना मास्किंग टेप. मग रोलरने दोन हात, मधे चार-पाच तास सुकू द्या. दुसरा हात अर्धवट ओला असतानाच टेप हळूच काढा, पूर्ण सुकल्यावर काढली तर रंगाची कड टेपबरोबर निघते. खरा गेरू वापरायचा मोह होतो पण फ्लॅटच्या भिंतीवर तो हाताला आणि कपड्यांना लागतो, तिथे मॅट इमल्शनच बरा.

चित्र काढायला दुसऱ्या दिवशी बसा. पांढरा ॲक्रेलिक रंग, शून्य नंबरचा गोल ब्रश आणि दोन-चार बांबूच्या काड्या. रंग ताकापेक्षा दाट आणि श्रीखंडापेक्षा पातळ हवा, जास्त पातळ झाला तर उभ्या भिंतीवर ओघळतो. पेन्सिलने फक्त तीन गोष्टी आखा: तारप्याच्या नाचाचा मोठा गोल वळणारा फेर, एक मोठं झाड, आणि खालची जमिनीची रेष. बाकी पेन्सिल नको. फेराच्या मधे तारपा वाजवणारा, आणि त्याच्याभोवती हात धरून गुंडाळी उलगडल्यासारखे नाचणारे. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वरचा छातीचा, खालचा कमरेचा, वर गोल डोकं, बाईला मागे अंबाड्याचा छोटा गोल. हाता-पायाची रेष एकाच जाडीची आणि एकाच झटक्यात काढा, परत परत गिरवली की माणूस थिजतो. आधी कागदावर वीस-पंचवीस माणसं काढून हात बसू द्या. हालचाल सगळी त्रिकोणांच्या कलात असते, वरचा त्रिकोण जरा तिरपा केला की माणूस वाकतो, ओझं उचलतो, धावतो.

काम डोळ्यांच्या उंचीवर दाट ठेवा आणि वर-खाली विरळ करत न्या, कारण पॅसेजमधे जमिनीपासून तीन ते साडेपाच फुटांच्या पट्ट्यातच सगळे बघतात. घरात लहान मुलं असतील तर खाली दोन फुटांवर खेकडे, मुंग्यांची रांग, कोंबडीची पिल्लं काढा, ती त्यांच्या उंचीला येतात. वरून पॉलिश किंवा वार्निश मारू नका, चमक आली की मातीच्या भिंतीचा भास जातो.

सोफ्यामागची भिंत आणि फोटो

फोटोंची भिंत करायची असेल तर पेपरच्या रद्दीशिवाय सुरुवात करू नका. प्रत्येक फ्रेम पेपरवर ठेवून तिच्या मापाचा तुकडा कापा, त्यावर कुठला फोटो ते लिहा आणि फ्रेमच्या मागची कडी जिथे येते तिथे फुली मारा. तुकडे मास्किंग टेपने भिंतीवर लावून दोन-तीन दिवस राहू द्या, येता जाता हलवा. जमलं वाटलं की त्या फुलीवरच ड्रिल मारायचा, पेपर फाडून टाकायचा. याने फालतू भोकं पडत नाहीत.

मापं अशी धरा: फ्रेम्सच्या सगळ्या गठ्ठ्याची रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश, सोफ्याच्या पाठीपासून वर सहा ते आठ इंच मोकळे, दोन फ्रेममधे दोन-तीन इंच. मोकळ्या भिंतीवर एकच चित्र असेल तर त्याचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचावर, उभ्या माणसाच्या नजरेला तो बरोबर येतो. पण तुमच्याकडे हॉलमधे गादी-लोड अशी खाली बैठक असेल तर तो ४२-४५ इंचांवर आणा, आपल्याकडे चित्रं उगाच फार वर लावतात आणि बसलेल्याला मान वर करून बघावं लागतं. जड फ्रेमला मागे दोन कड्या आणि भिंतीत दोन स्क्रू हवेत, एका दोरीवर लटकवलेली फ्रेम दार आपटलं की तिरकी होते. सोफा किंवा पलंगाच्या डोक्यावर काचेऐवजी ॲक्रेलिक शीट घाला.

जिन्याची भिंत असेल तर हेच सगळं फक्त तिरकं, प्रत्येक पायरीच्या कडेपासून वर तेच ५७ इंच मोजून खुणा करा, खुणा जोडल्या की जिन्याच्या उताराला समांतर रेष मिळते.

आजीचं इरकल

मोठी भिंत आणि लावायला काहीच नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी कपाटातलं गाठोडं सोडावं. घडीवर विरलेलं इरकल, त्याचा टोपे तेनीचा लाल-पांढरा पदर, जरीचा पैठणीचा मोर, गुळेदगुड्डचे खण, हे लांबून बघायलासुद्धा चित्राइतकंच ताकदीचं आहे. साडी धड असेल तर तिला कात्री लावू नका, ती नेसा. घड्यांवर फाटली असेल तरच चांगला भाग घ्या.

कापड फेविकॉलने प्लायवर चिकटवायचं नाही, काही वर्षांत डाग वर येतात आणि ते परत सुटत नाही. आधी कापड दोन दिवस घरात सावलीत पसरून ठेवा, जरीवर थेट इस्त्री नको, सुती फडकं वर ठेवून मंद इस्त्री चालेल. फ्रेमच्या मापापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच जास्त सुती कापड घ्या, पदर त्यावर ठेवून बारीक सुईने, पदराच्याच रंगाच्या दोऱ्याने कडेने लांब टाके घाला, मधे कुठे विरलं असेल तर तिथेही दोन-चार टाके घाला म्हणजे वजन खालच्या कापडावर येतं. मग सुती कापड बोर्डवर ताणून मागच्या बाजूला दोऱ्याने आडवं-उभं ओढून घ्या. ताण मात्र बेताचा ठेवा, काठ वाकडा झाला की लगेच दिसतो. फ्रेमवाल्याला सांगा की काच आणि कापड यांच्यामधे माउंटचं अंतर हवंय, काच कापडाला चिकटली की दमट हवेत डाग पडतात. आणि थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका, लाल रंग आधी उडतो. पाच-सहा खणांचे तुकडे सारख्या मापाच्या चौकोनी फ्रेम्समधे एका ओळीत लावले तर पलंगामागची भिंत फार सुंदर दिसते.

कॉलम, डीबी बॉक्स, दोन दारांमधली पट्टी

कॉलम सहा-नऊ इंच पुढे आलेला असतो आणि त्याच्या बाजूला खाच तयार होते, सगळे कॉलम लपवायला जातात, पण उपयोगाची तर ती खाच आहे. तिथे कॉलमच्या तोंडाला बरोबर येतील एवढ्या खोलीच्या फळ्या टाका, भिंत सपाट दिसते आणि पुस्तकं ठेवायला जागा होते. १८ एमएमचा प्लाय, दर दोन ते अडीच फुटांवर ब्रॅकेट, कारण फूटभर पुस्तकांचं वजन ८-१० किलो सहज होतं आणि बारीक प्लाय मधे झोल खातो. कॉलमला छिन्नी कधीच लावायची नाही, कोनाडा खणायची आयडिया कुणीही दिली तरी नाही म्हणा. स्क्रूसाठी दीड इंच खोल बारीक भोक चालतं, बिट लोखंडाला लागला असं वाटलं तर थांबून जागा बदला.

डीबी बॉक्स झाकायचा असेल तर बिजागरीवर उघडणारी हलकी कॅनव्हासची फ्रेम बाजूच्या भिंतीत बसवा, बॉक्सला स्क्रू मारू नका. अंधारात घरातल्या कुणालाही एका हाताने उघडता आली पाहिजे. त्यावर पडदा, तोरण, सुकलेल्या फुलांची माळ असलं काही लटकवू नका.

दोन दारांमधली नऊ-दहा इंचांची पट्टी लोक सोडून देतात. तिथे सावंतवाडीचा गंजिफा लावून बघा. दशावतारी गंजिफात १२० गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात ते आजही हाताने रंगवले जातात. दहा अवतारांचे दहा राजे एकाखाली एक, मधे इंचभर जागा सोडून, एका लांब अरुंद फ्रेममधे. मत्स्य वर, कल्की खाली. आधी ओळंबा सोडून उभी रेष आखून घ्या, कारण दाराच्या चौकटीच्या इतक्या जवळ दोन एमएमचा फरकही डोळ्याला खुपतो. अशीच उभी पट्टी पिंगुळीच्या चित्रकथीच्या (चित्रं दाखवत गोष्ट सांगतात त्या परंपरेतल्या) छोट्या चित्रांचीही होईल.

भाड्याचं घर

डिपॉझिटचा प्रश्न असतो त्यामुळे चिकटणारे हुक सगळे वापरतात, पण ते ऑइल पेंट आणि टाईल्सवर धरतात, डिस्टेंपरवर धरत नाहीत, वजन आलं की रंगाचा पापुद्रा घेऊन सुटतात. डिस्टेंपर ओळखायला ओलं बोट घासा, रंग बोटाला आला की समजा. अशा भिंतीला हात न लावता काम करायचं असेल तर बुटका स्टँड किंवा कपाटाच्या माथ्यावर मोठं चित्र नुसतं टेकवून ठेवा, खाली रबराचे तुकडे लावले की घसरत नाही. नाहीतर पडद्याच्या रॉडवरून, जो आधीच बसवलेला असतो, मासे पकडायच्या तंगुसाने (नायलॉनच्या दोरीने) हलकी फ्रेम सोडा. मालकाला विचारून एकच मोठी भिंत रंगवली तर जाताना परत पांढरी करायला गडद रंगावर प्रायमरसकट तीन हात लागतात, तो खर्च आधीच धरून ठेवा.

लाईटसाठी शेवटचं एक. चित्रावर पिवळसर, ३००० केल्विनचा एलईडी घ्या आणि वरून साधारण ३० अंशात तिरपा पाडा, समोरून पाडला तर काचेवर बल्बच दिसतो. आणि दर पावसाळ्यानंतर फ्रेम्स एकदा उतरवून मागची बाजू पुसा, भिंतीला हवा लागू द्या, फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना फेल्टचे छोटे गोल चिकटवा म्हणजे मागे थोडी पोकळी राहते आणि ओल साठत नाही.